शिरीषाच्या ढोलीतला दयाळ

शहर नुकतंच हातपाय पसरू लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. ट्रकतळाशेजारच्या शिरीषाच्या ढोलीत एक दयाळ पक्षी बायको आणि एकुलत्या पिल्लासह राहत होता. तिथे किड्यांची चंगळ होती. पण ट्रक दिवसभर धूर ओकत, पलीकडे कचरा जळत असे आणि नव्या इमारतींचं सिमेंट उडत असे. पिल्लाला धाप लागू लागली.

“अहो, तळ्याकडे जाऊ या,” बायको म्हणाली.

“तिथे पोटाला काय मिळणार? आणि इथली धूळ शिरीषबाबा अडवतात की!”

म्हातारा शिरीष खिन्नपणे म्हणाला, “जाडी धूळ माझ्या पानांवर बसते, बाळा. पण डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ माझ्याही हातून निसटते आणि थेट छातीत जाऊन बसते. लेकराला घेऊन जा.”

“पंख फुटले की निघू,” दयाळ म्हणाला.

पंख फुटले. पिल्लू पहिल्यांदा उडालं, पण निम्म्या वाटेतच त्याचा श्वास संपला आणि ते खाली कोसळलं. बायको दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिली. मग ती एकटीच तळ्याकडे निघून गेली. दयाळाचा मात्र त्या झाडावरून पाय निघेना.

पुढच्या वर्षी दयाळांचं एक तरुण जोडपं रिकामी ढोली पाहायला आलं. त्या दिवशी ट्रक बंद होते.

“इथे राहू नका रे, इथली हवा विषारी आहे!” वरच्या फांदीवरून म्हातारा दयाळ कळवळून म्हणाला.

तरुणाने चहूकडे पाहिलं. “काका, हवा तर स्वच्छ दिसतेय. किडेही भरपूर आहेत.”

उत्तर द्यायला दयाळाने चोच उघडली आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत त्या दोघांनी ढोलीत काड्या न्यायला सुरुवातही केली होती.