रोवळीतला सूर्य

एका राज्यात ग्रहणात माणसांचे डोळे जात, आणि शिक्षाही त्यांनाच होई.

नियम धूम्रकेश मांत्रिकाचा होता. ग्रहण लागलं की प्रत्येकाने परातीत हळदीचं पाणी घ्यायचं आणि त्यात सूर्य पाहायचा. डोळे गेले, तर तो पापी. त्याला वेशीबाहेर काढायचं. गेलेली दृष्टी मांत्रिकाच्या तांब्याच्या पेटीत जाऊन पडे. पेटी झळाळे आणि राजा तिला राज्याचं वैभव म्हणे. पेटीवर शाप कोरला होता : ‘सारी नगरी ग्रहण पाहील आणि एकही डोळा जाणार नाही, तेव्हाच मी उघडेन.’

गोजरा बुरुडाची मुलगी. ग्रहणात डोळे गेलेली तिची आई सगुणा वेशीबाहेर बसून चाचपत रोवळ्या, तांदूळ धुवायच्या फटीफटींच्या टोपल्या, विणी. पुढचं ग्रहण आलं तशी गोजरा तडक दरबारात शिरली. खांद्यावर तिचा भारद्वाज पक्षी होता.

“महाराज, पाण्यातला सूर्यही डोळे जाळतो. पाप कुठलं काढता?”

मांत्रिक हसला. “बुरुडाच्या पोरी, जा, टोपल्या वीण.”

“तेच करणार आहे.”

राजा म्हणाला, “मग तीन गोष्टी कर. मान वर न करता सूर्य दाखव. साऱ्या नगरीला एकदम दाखव. आणि तुझ्या आंधळ्या आईला दाखव. चुकलीस, तर तुझेही डोळे पेटीत.”

बाहेर येताच भारद्वाज बोलला, “मागच्या ग्रहणात मी वडाखाली होतो. पानांच्या फटींतून जमिनीवर सूर्याच्या हजार कोरी पडल्या. आभाळाकडे मी पाहिलंच नाही.”

गोजराने घरात पाहिलं. फटीच फटी! आईच्या साऱ्या रोवळ्या तिने चौकात उंच काठ्यांवर बांधल्या. ग्रहण लागलं तशी ती ओरडली, “पराती ओता! सूर्याकडे पाठ करा! खाली बघा!”

जमिनीवर सूर्याच्या कोरीच कोरी होत्या. सारी नगरी पाहत राहिली. एकही डोळा गेला नाही.

उरली आई. गोजराने तिला हात धरून वेशीबाहेरून चौकात आणलं. मग एका कोरीखाली ओली माती थापली, कडेकडेने बोट फिरवून ती कोर खोल कोरली आणि आईचा हात त्यात ठेवला.

सगुणाने चाचपलं. “अगं बाई! एवढासाच उरलाय?”

पेटी फुटली. उजेड उडाला आणि ज्याचा त्याच्या डोळ्यांत गेला.

राजा गरजला, “या मांत्रिकाला परातीत पाहायला लावा! बघू त्याचं पाप!”

सगुणा उठली. नव्या नजरेने तिने परात शोधली आणि लाथेने पालथी केली.

“पाप असलं तरी डोळे जातात, नसलं तरी जातात! इतक्या जणांना हाकललंत, तरी कळलं नाही?”

राजाने मान खाली घातली. वेशीचं दार त्याच दिवशी उखडलं. तेव्हापासून त्या राज्यात ग्रहण लागलं की अंगणात रोवळ्या टांगतात, आणि राजाही सूर्याकडे पाठ करून उभा राहतो.