येसाईची मूठ

टिक. टिक. टिक.

लाकडाला चांदी लागली की असा आवाज होतो. फार मोठा नाही. पण ज्यानं तो एकदा त्या माळावर ऐकला, त्याच्या कानातून तो जन्मभर गेला नाही. पाय पांघरुणात घ्या. हां. आता ऐका.

एक होता माळ. केवढा? तर या टोकाला कोंबडा आरवला की त्या टोकाला आवाज पोचेस्तोवर न्याहारीची वेळ व्हायची. झाड नाही, झुडूप नाही. खाली जमीन, वर आभाळ, आणि मधे वारा. त्या माळावर येसाई नावाची एक बाई राहायची. नवरा लवकर गेला. पदरात एक लेक, म्हाळू. शेत म्हणावं तर नुसते दगड. मग तिनं काय केलं? रोज एक पाटी दगड वेचले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सात वर्षं वेचले. बांधावर दगडांचा ढीग घराएवढा झाला. मग खालून काळीभोर जमीन निघाली, आणि येसाईनं तिथं ज्वारी पेरली.

येसाईला रिकामं कुणी पाहिलं नाही, बरं का. डोक्यावर पाटी असायची, नाहीतर कडब्याची पेंढी. काखेत घागर असायची, नाहीतर पोर. एकदा विळा लागून डाव्या पायाची करंगळी गेली. तिनं चिंधी बांधली, हातातली पात, म्हणजे कापायची ओळ, पुरी केली, आणि मग घरी आली.

आणि पेरणी? पेरणी म्हणजे येसाईच. तिफणीवर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. पुढं बैल चालतात, मागं एक बाई चाड्यावर मूठ धरून चालते. मुठीतून दाणे सुटतात, चाड्यातून नळ्यांत जातात, नळ्यांतून जमिनीत. मूठ घट्ट झाली तर रान रिकामं. सैल झाली तर दाटी. येसाईच्या मुठीतून दाणे कसे, मोजून दिल्यासारखे सुटायचे. तिच्या मनगटात चांदीचा एकच गोठ होता, तो दर खेपेला चाड्याला लागायचा. टिक. टिक. टिक.

मग म्हाळूचं लग्न झालं. पारू नावाची सून आली. दर पेरणीला पारू म्हणायची, आत्याबाई, मला शिकवा की. येसाई म्हणायची, "पुढच्या साली." नातू झाला, त्याला पाठीशी बांधून येसाईनं पेरलं. नात झाली, तिलाही पाठीशी बांधून पेरलं. आणि पारूला दर वेळी तेच, पुढच्या साली.

मग एक साल असं आलं, की येसाईला पुढचं साल नव्हतं. दुपारची दगडाच्या ढिगाला टेकून बसली होती, मांडीवर पाटी. तशीच गेली. मनगटातला गोठ काही निघेना. तो तिच्याबरोबरच गेला.

दहाव्याला पुरुष नदीवर गेले, बायका घरी राहिल्या. नदीवर काय झालं ते पारूला कुणी सांगितलं नाही. तुम्हालाही आत्ता नाही सांगत.

मग पाऊस झाला. जमीन निवली. ओल फार तर तीन दिवस टिकेल, त्याच्या आत पेरायचं. घरात येसाईनं राखेत घोळवून ठेवलेल्या बियाण्याची तीन मडकी होती, तोंडं शेणानं लिंपलेली. तसली ज्वारी त्या माळावर दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तेवढं बी गेलं की वर्षाची भाकरी गेली, आणि येसाईची ज्वारीही गेली.

पहिल्या दिवशी पारूनं एक मडकं फोडलं. म्हाळूनं बैल जुंपले, पारूनं चाड्यावर मूठ धरली. ऊन लख्ख पडलं होतं. माळावर दुसरं कुणी नव्हतं. एक फेर झाला, दोन झाले. तिसऱ्या फेराला तिच्या हाताजवळ आवाज आला. टिक. पारूच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. त्यांचा आवाज असा नसतो. तिनं मागं पाहिलं. मागं नुसती तासं, तिफणीनं ओढलेल्या ओळी. पुढं पाहिलं, तर जुवावर एक कावळा बसला होता. तो बैलांकडे बघत नव्हता, तिच्या मुठीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर काय? दगडाच्या ढिगावर एका चपट्या दगडावर ज्वारीची रास. सगळे दाणे. माती पुसलेली. आणि शेतातली तासं जशीच्या तशी, कुठं उकरलेलं नाही. म्हाळू म्हणाला, उंदरांचं काम. पारूनं एक दाणा दाताखाली धरला. वरून दाणा, आत काही नाही. फुंकर मारली तर रास उडून गेली. उंदीर दाणे पुसून ठेवत नाहीत, हे पारूला कळत होतं. पण बोलते कुणाला?

मग दुसरं मडकं फोडलं. त्या दिवशी बैल शेताच्या मध्यावर थांबले. चाबूक दाखवला तरी हलेनात. पारू पुढं गेली. जिथं अजून कुणी पाऊल ठेवलं नव्हतं, त्या ओल्या मातीत पावलं उमटली होती. अनवाणी बाईची. ती बघत होती तोवरच पुढं आणखी एक उमटलं. मग आणखी एक. डाव्या पायाला चारच बोटं.

पारू परत तिफणीमागं आली. रान पेरलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दगडावर पुन्हा रास, पुन्हा पोकळ.

शेजारची धुरपदा म्हातारी बांधावरून चालली होती. ती थांबली. म्हणाली, "सासूनं दगडातून पीक काढलं, आणि सुनेच्या हातून मातीतसुद्धा उगवंना. काय हात म्हणायचा गं हा?" आणि हसत हसत गेली.

पारू तिफणीजवळ खाली बसली. एकच मडकं उरलं होतं. वरची माती पांढरी व्हायला लागली होती. तिनं म्हाळूला विचारलं, "अहो, दहाव्याला नदीवर काय झालं?"

म्हाळू बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. त्यानं हात जोडून सांगितलं, पोरांना सांभाळीन. कावळा येईना. सांगितलं, जमीन विकणार नाही. कावळा येईना. सूर्य डोक्यावर आला. माणसं उपाशी, पाय पोळलेले. तेव्हा तो बोलून गेला, "आई, तुझ्याशिवाय चाड्यावर कुणाची मूठ पडू देणार नाही." शब्द पुरा झाला नाही तोच कावळा उतरला. सगळे बरं वाटून घरी आले.

पारू हळू म्हणाली, "जन्मभर राबली ती. आणि तुम्ही तिला मेल्यावरसुद्धा कामाला लावलंत."

म्हाळूनं मान खाली घातली.

मग पारू उठली. तिनं तिसरं मडकं फोडलं, ओटी भरून बी घेतलं, आणि तिफणीमागं उभी राहिली. म्हाळूला म्हणाली, मागं बघायचं नाही. जुवावर कावळा येऊन बसला. वारा पडला. पारूनं भरली मूठ चाड्यावर धरली आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बोलली.

"आत्याबाई, यांनी दिलेला शब्द मी मोडत नाही. मूठ तुमचीच आहे. पण मला शिकवायचं राहिलंय. तुम्ही पुढच्या साली म्हणाला होता. पुढचं साल आलंय."

काही झालं नाही. बैलाची घंटासुद्धा वाजली नाही. पारूचा हात भरून आला, तरी तिनं तो खाली घेतला नाही.

मग तिच्या हातावर एक हात आला.

विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार. तळव्याला घट्टे. पारूच्या अंगावर काटा आला, पण तिनं हात काढून घेतला नाही. ते घट्टे तिच्या ओळखीचे होते. बारा वर्षं त्याच हातानं तिला भाकरी वाढली होती.

बैल आपोआप चालायला लागले. टिक. त्या हातानं तिची करंगळी आधी सैल केली. मग शेजारचं बोट. मग त्याच्या शेजारचं. टिक. दाणे सुटले, मोजून दिल्यासारखे. पहिल्या फेराला तो हात जड होता, पारूचं मनगट दुखलं. दुसऱ्याला थोडा हलका झाला. तिसऱ्याला आणखी हलका. पुढं चालणाऱ्या म्हाळूला दोन आवाज ऐकू येत होते, चांदीचा आणि काचेचा. तो बैल हाकत होता आणि डोळे पुसत होता, पण त्यानं मागं पाहिलं नाही.

दिवस कलला. शेवटचं तास आलं. आता नुसती काच वाजत होती. चांदी वाजत नव्हती. पारूच्या हातावर काही नव्हतं, आणि दाणे तसेच सुटत होते. जुवाकडे पाहिलं, तर कावळाही नव्हता.

सकाळी दगडावर रास नव्हती. पाचव्या दिवशी कोंब वर आले. पुढं कणसं अशी भरली, की धुरपदा म्हातारीच पदर पसरून बियाणं मागायला आली. पारूनं तिला शेरभर दिलं, आणि मूठ कशी धरायची तेही शिकवलं, त्याच साली. सगळे पोटभर जेवले. तुम्ही रात्री खाल्ली ना भाकरी? त्याच ज्वारीची.

आता डोळे मिटा बरं. येसाईचं काय झालं ते मिटल्या डोळ्यांनीच दिसतं. शेवटचं तास संपलं तेव्हा पारूनं मान वर केली. दगडाच्या ढिगापलीकडे, माळाच्या त्या टोकाकडे, येसाई चालली होती. डोक्यावर पाटी नाही. काखेत घागर नाही. पाठीशी पोर नाही. दोन्ही हात मोकळे, चालताना हलत होते. पारूला वाटलं, हाक मारावी. तिनं मारली नाही. येसाई थांबली नाही, वळली नाही, काही बोलली नाही. हळूहळू चालत गेली.