दाजीसाहेबांच्या गालिच्याचा वास

कारभारी दाजीसाहेबांच्या लाडक्या मांजरीने सदरेतला गालिचा खराब केला. साळूबाईने तो रिठ्याने धुतला, वास मारायला शिरका शिंपडला, दोन दिवस उन्हात वाळवून पुन्हा सदरेत अंथरला. तरी गादीवर बसल्या बसल्या दाजीसाहेब चारचौघांत गरजले, “अजून वास येतोय! काम जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.”

साळूबाईने वाकून सगळा गालिचा हुंगला. वास नव्हता.

“सरकार, मांजर स्वतःच्या वासावर पुन्हा तिथेच जातं. तिलाच सोडून बघा.”

मांजरी गालिचा ओलांडून थेट दाजीसाहेबांच्या गादीशी गेली आणि हुंगून तिथेच पाय फाकवून बसली.

“गालिचा धुतलाय, सरकार,” साळूबाई म्हणाली. “गादीही धुतली असती, पण आपण तिच्यावरून उठाल तर ना!”

सदरेत हशा पिकला. दाजीसाहेब टुणकन उठले. साळूबाईच्या जिवात जीव आला.