टिल्ली उंदरीण आणि गच्च चौक

एका चौकाच्या मधोमध होता मातीचा गोल. गाड्या जायच्या त्याला वळसा घालून. गोलात होतं बीळ. बिळात राहायची टिल्ली उंदरीण आणि तिचं एवढंसं पिल्लू.

चौकात होती पाटी: "जो आत, तो आधी. बाहेरच्यानं थांबायचं."

सकाळी आली एक गाडी. भुर्रर्र, गेली! मग आल्या चार. भुर्र... थांब... भुर्र. मग आल्या चाळीस! पाटी वाचतंय कोण? घुसले सगळे. चौक गच्च. पों पों पों!

टिल्ली दाणे वेचून आली. बघते तर काय! बसचं चाक गोलावर चढलेलं, थेट बिळाच्या तोंडावर. आतून आवाज, "चीं... चीं..."

टिल्ली गेली बसवाल्या मामांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"मामा, मामा, बस सरकवा! चाक उठेना, पिल्लू माझं गुदमरतंय!"
"मी नाही जा! पुढचा टेम्पो सरकेल, तर मी सरकेन."

टिल्ली गेली टेम्पोवाल्या चाचांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"चाचा, चाचा, टेम्पो सरकवा! बस सरकेना, चाक उठेना, पिल्लू माझं गुदमरतंय!"
"मी नाही जा! पुढची रिक्षा सरकेल, तर मी सरकेन."

टिल्ली गेली रिक्षावाल्या अण्णांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.
"अण्णा, अण्णा, रिक्षा सरकवा! टेम्पो सरकेना, बस सरकेना, चाक उठेना, पिल्लू माझं गुदमरतंय!"
"मी नाही जा! आडवी स्कूटर सरकेल, तर मी सरकेन."

टिल्ली गेली स्कूटरवाल्या मावशीकडे. मावशी घुसली होती सगळ्यांत शेवटी.
"मावशी, मावशी, स्कूटर सरकव! रिक्षा सरकेना, टेम्पो सरकेना, बस सरकेना, चाक उठेना, पिल्लू माझं गुदमरतंय!"
"मी नाही जा! माझ्यापुढे बस आहे. बस सरकेल, तर मी सरकेन."

पुन्हा बस! गोल फिरून पुन्हा बस!

टिल्ली मटकन बसली. बिळातून आवाज येईना. चीं नाही. चूं नाही.

मग टिल्लीला आला राग. चढली स्कूटरवर सरसर.
"मावशी, पाटी वाच! बाहेरच्यानं थांबायचं. तू का घुसलीस?"

मावशीनं पाटी वाचली. मान खाली घातली.
"चुकलं गं माझं."

मावशीनं पाय टेकले. स्कूटर मागे घेतली. एक पाऊल. दोन पावलं.

स्कूटर सरकली, रिक्षा सुटली. रिक्षा सुटली, टेम्पो सुटला. टेम्पो सुटला, बस सुटली. बस सुटली, चाक उठलं!

टिल्लीनं माती उकरली. खरखर खरखर. पिल्लू सापडलं. गार. गप्प. टिल्लीनं चाटलं. पुन्हा चाटलं. पुन्हा चाटलं.

"...चीं."

बीळ मात्र चेपलं. ते गेलं ते गेलंच. टिल्लीनं पिल्लू तोंडात धरलं. आता कुठे जायचं? चौकात पुन्हा गाड्या. पों पों पों!

मावशी रस्त्यात उभी राहिली. दोन्ही हात आडवे केले.
"थांबा सगळे! जो आत, तो आधी."

आत कोण होतं? टिल्ली होती.

मामा थांबले. चाचा थांबले. अण्णा थांबले. पिल्लाला घेऊन टिल्ली आधी गेली.

तुरुतुरु तुरुतुरु.