काचेवरच्या अक्का

“पण अक्का, तुमी मला दिसला कशा न्हाई?”

सर्जेराव रस्त्यातच मटकन खाली बसला होता. मागे त्याची वडापची, गावोगाव पॅसेंजर नेणारी जीप रिकामीच तिरकी उभी. बंपरपासून हातभरावर तायाक्का, आणि त्यांच्या डोक्यावरचा सरपणाचा भारा खाली पडून रस्ताभर पसरलेला.

तायाक्का आमच्या घाटमाथ्यावरच्या मठीत राहतात. सत्तरी उलटली, पण सरपण स्वतःच आणतात. मी तिथं भाकऱ्या थापते. ब्रेकचा आवाज कानावर आला तशी पिठाच्या हातानं धावत सुटले.

“मला काय झालं न्हाई,” अक्का म्हणाल्या. “ऊठ.”

“माझ्या हातनं आज तुमी...”

“गेले का? न्हाई. मग ऊठ की.”

तो उठला, पण जीपमधून किल्ली काढून आणली आणि अक्कांच्या पायावर ठेवली.

“उद्यापासनं स्टेरिंगला हात लावणार न्हाई. गुरूच्या अंगावर गाडी घालणाऱ्यानं दुसऱ्यांची लेकरंबाळं कशाला न्यावीत?”

त्याला दुसरं काही येत नाही. घर त्या जीपवर चालतं. हे अक्कांनाही ठाऊक, मलाही.

“बरं,” अक्का म्हणाल्या. “काच पुसलीवतीस का सकाळी?”

“ही काय इचारायची गोष्ट झाली?” एवढ्या रडण्यातही त्याची मान ताठ झाली.

खरंच आहे ते. सर्जेरावासारखी काच साऱ्या घाटात कुणाची नाही. ती धुतल्याशिवाय गडी सकाळचा चहा घेत नाही. आधी पाणी ओतून धूळ घालवायची, मग ओलं फडकं, मग पेपरचा बोळा. वायपरची रबरंसुद्धा बोटानं पुसतो. आणि एवढी आरशासारखी काच करून तिच्यावर काय लावावं माणसानं? वर ‘अक्कांची कृपा’ अशी रुंद लाल पट्टी, खाली झालर, मधल्या आरशाला झेंडूचा जाडजूड हार, आणि डाव्या अंगाला पत्रावळीएवढा अक्कांचा हसरा फोटो, काचेला घट्ट चिकटवलेला. त्या फोटोला हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच गाडी हलायची. अक्कांचा लाडका चेला मीच, हे त्याला प्रत्येक पॅसेंजरला सांगायचं असायचं. मला मेला तो फोटो कधी आवडला नाही, पण बोलणार कोण?

अक्कांनी किल्ली त्याच्या हातात परत दिली.

“जा. बस गाडीत. सुरू करू नको.”

तो बसला. अक्कांनी चार फाटी गोळा करून डोक्यावर घेतली आणि चालत चालत पुढं डाव्या अंगाच्या करवंदीच्या जाळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी जीपच्या दाराशी.

“दिसते का रं?” तिकडून त्यांची हाक आली.

“दिसताय की!”

“काय करते मी?”

“हसतायसा, अक्का.”

“मी न्हाई हसत. मी हात हलवते.”

...

सर्जेरावानं मान फोटोच्या बाजूला काढून बघितलं. मग पुन्हा सरळ बसून बघितलं. मग त्याचं तोंड असं उतरलं, की मला त्याच्याकडं बघवेना.

अक्का परत आल्या. “दाढीचं पातं हाय?”

“हाय.”

“काढ मग.”

“अक्का! तुमच्या तोंडावर पातं फिरवू मी?”

“आधी ऊन पाणी लाव. कोरडं खरवडलंस तर काचेला चरे पडतील.” अक्कांनी पदरानं घाम पुसला. “तोंडाचं नको बघूस. ते माझ्याजवळ दुसरं हाय.”

मी चुलीवरचं पाणी आणलं. त्यानं फोटो भिजवला, कडेनं पातं घातलं. पदर निघाला, कान निघाला. डोळ्यांपाशी येऊन त्याचा हात थांबला, तो थांबलाच. हमसून हमसून रडत होता वेडा. किती जीव त्याचा म्हातारीवर! माझ्याही डोळ्यांना धार लागली.

अक्कांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून ते डोळे खरवडले.

मग पट्टी गेली, झालर गेली. झेंडूचा हार अक्कांनी काढला आणि सर्जेरावाच्याच गळ्यात घातला. “शोभतोस हो,” म्हणाल्या. तो रडता रडता हसला.

शेवटी त्यानं काच पुसली, सवयीनं, कोपऱ्यापर्यंत. आत जाऊन बसला. समोर रस्ता, करवंदीची जाळी, वळण, सगळं कसं मोकळं. किल्ली फिरवायला गेला, आणि सवयीनं हात डावीकडं वळला. तिथं नुसती काच.

“अक्का...”

“आता काय?”

“गाडी काढायच्या आधी नमस्कार कुणाला करायचा मग?”

अक्का फाटी वेचत होत्या. भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि जीपच्या पुढून रस्ता ओलांडायला लागल्या.

“आडवा येईल त्याला,” त्या म्हणाल्या. “ब्रेक दाबून.”