पोसूबायचा ढीग

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि नांगरखार गावी होडीनेच पोहोचता येत असे, त्या काळी तेथे पोसूबाय नावाची एक विधवा राहत होती. गावाची भातशेती खाडीच्या पाण्याहून सखल होती. मध्ये होता तो मातीचा एक लांब बांध. खारे पाणी एकदा आत शिरले की त्या जमिनीत कित्येक पावसाळे भात उगवत नसे, आणि गोड्या पाण्याचे एकुलते एक तळेही बांधाला लागूनच होते.

बांधाची एक रीत होती. प्रत्येक घराने आपल्या वाट्याचा बांध उन्हाळ्यात दुरुस्त करायचा, आणि ज्याचा वाटा सर्वांत शेवटी पुरा होईल त्याने गावाला जेवू घालायचे. हा दंड चुकवण्यासाठी लोक घाई करत. बांधाच्या पायथ्याचीच ओली माती खणत आणि वर थापत. काम झटपट उरके. मात्र पायथ्याशी चर पडे, आणि तो वर्षागणिक खोल होई.

पोसूबायने पायथ्याला कधी कुदळ लावली नाही, असे म्हणतात. ती दूरच्या माळावरून टोपलीने माती आणी. वाटा पुरा झाला तरी ती थांबत नसे. आणखी माती आणून बांधामागे ढीग रची आणि पावसाळ्यात तो पेंढ्याने झाकून ठेवी. एवढ्या दुरून माती आणल्यामुळे साहजिकच तिचा वाटा दरवर्षी शेवटी राही. दरवर्षी तिची कणगी गावजेवणात रिकामी होई, आणि पुढचे काही महिने ती स्वतः कांजीवर काढी.

गावचा जोमा पाटील पंक्तीत बसून तिला चिडवी, "पोसू, ही माती तुज्या नातवाचे लग्नाला ठेवलीस का गो?"

"व्हय पाटील," ती भात वाढत म्हणे. "लग्नाला पयला तुमालाच बोलवीन."

पंक्ती हसे. पोसूबायही हसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळाकडे निघे.

मग एका श्रावणात, अमावास्येला, भर दुपारी उधाण आले. खाडी बांधाच्या माथ्याशी येऊन उभी राहिली, आणि पाटलाचा वाटा पायथ्याच्या चरात खचला. पाणी आत धावले. लोकांनी ओल्या मातीच्या टोपल्या ओतल्या, पण ती माती गुळासारखी विरघळून गेली. पाटील भगदाडात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, "अरे, माती आना! माती!"

तेव्हा पोसूबायने ढिगावरचा पेंढा दूर केला. वर्षानुवर्षे उन्हात तापलेली ती ढेकळे दगडासारखी झाली होती.

"पाटील," तिने हाक दिली, "लग्नघटका भरली. उचला टोपली!"

ढेकळे पडत गेली आणि पाण्यात बसत गेली. यापुढचे खरे किती, हे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. पण जितकी माती उचलावी तितकी ढिगात मागे उरत होती, असे म्हणतात. म्हातारे सांगतात की शेवटच्या टोपल्या खेकड्यांनी वाहिल्या, आणि भगदाड बुजल्यावर खाडी पोसूबायच्या पावलांना स्पर्श करून ओहोटीला लागली. तो ढीग त्या दिवशी संपला की नाही, यावर मात्र गावात अजूनही दोन मते आहेत.

लोक तळ्याकडे धावले. पाटलाने ओंजळ भरली आणि डोळे मिटून तोंडाला लावली.

"गोड हाय!" तो म्हणाला आणि तिथेच चिखलात बसून लहान मुलासारखा रडला. मग सारा गाव रडत-हसत तळ्याचे पाणी पिऊ लागला. तहान कोणालाच नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात पायथ्याचे चर बुजवले गेले, आणि पाटील स्वतः टोपली घेऊन माळाकडे गेला. त्याचा वाटा अर्थातच शेवटी राहिला.

आज नांगरखारला पूल आहे आणि बांधाला दगडी अस्तर आहे. तरीही उन्हाळा सरताना प्रत्येक घर माळावरून एक टोपली माती आणते आणि बांधामागच्या ढिगावर ओतते. नंतर गाव जेवायला बसते. ज्याची टोपली सर्वांत शेवटी येते, त्याला पहिल्या पानावर बसवतात आणि वाढताना विचारतात, "लग्न कंदी?"

त्याने उत्तर द्यायचे असते, "घटका भरंल तवा." मग पंक्ती जेवू लागते.