श्रीरंगाचे घटिकापात्र

“पण त्यात खोटे असे काय होते, गुरुजी?”

श्रीरंगाने हे तिसऱ्यांदा विचारले.

हरिहरशास्त्री मठीच्या ओसरीवर बसून तांब्याचे घंगाळ चिंचेने घाशीत होते. परवा अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गावात दोन लग्ने होती, आणि मुहूर्ताची घटका या गावात अजून शास्त्रीबुवांच्या पात्रावरच मोजली जाई. मनगटी घड्याळे प्रत्येकाजवळ होती. परंतु अंतरपाट दूर होई तो घंगाळातले पात्र बुडाल्यावरच.

“एक अक्षर खोटे नव्हते,” श्रीरंग म्हणाला. “ताईने प्रत्येक पानावर सही केली. माझ्या समोर.”

“वाचून?”

“मी वाचून दाखवले.”

“सगळे?”

श्रीरंग किंचित हसला. “अठ्ठावीस पाने होती, गुरुजी. इतके कोण वाचते?”

शास्त्रीबुवांनी चिंचेचा चोथा बाजूला ठेवला आणि पुन्हा उचलला.

…

वीस वर्षांपूर्वी श्रीरंग याच ओसरीवर गणित शिकला होता. त्या पिढीत त्याच्या तोडीचा विद्यार्थी नव्हता, आणि ही गोष्ट सर्वांत आधी त्याला स्वतःला कळली होती. आता तो जिल्ह्याच्या गावी एका वित्तसंस्थेत कर्जविभागाचा अधिकारी होता. आईवडिलांमागे त्याला वाढवले ते थोरल्या बहिणीने, कुमुदताईने. ती नदीपलीकडे राहत असे. दोन खोल्यांचे घर, पुढच्या पडवीत पिठाची गिरणी. दळण, भाजणी, मेतकूट… यांवर तिने त्याचे शिक्षण केले आणि पुढे स्वतःचे वैधव्यही निभावले.

“आरंभापासून सांग,” शास्त्रीबुवा म्हणाले. “गिरणीची मोटर जळाली, तेथून.”

“तेव्हा मीच तिला क्रेडिट कार्ड दिले. त्या वर्षी मला शंभर कार्डे खपवायची होती.”

“दर?”

“महिन्याला साडेतीन टक्के.”

“वर्षाला?”

“बेचाळीस.” हिशेब अपुरा ठेवणे श्रीरंगाच्या स्वभावात नव्हते. “व्याजावरचे व्याज धरले, तर एक्कावन्न.”

“तिला कोणता आकडा सांगितलास?”

“साडेतीन. तोच ठळक छापलेला होता.”

“आणि बेचाळीस?”

“तोही होता. खाली.”

“माझ्या डोळ्यांना दिसला असता?”

“भिंग लागले असते, गुरुजी.”

शास्त्रीबुवा घासत राहिले.

“ताई किमान रक्कम भरीत गेली,” श्रीरंग सांगू लागला. “तिला वाटे, तोच हप्ता. मुद्दल जिथल्या तिथे. नवरा आजारी पडला तेव्हा औषधेही त्याच कार्डावर. मग मीच तिला त्यातून बाहेर काढले. घर तारण ठेवून कर्ज करून दिले. साडेनऊ टक्क्यांनी. वर्षाला, गुरुजी, महिन्याला नव्हे. बेचाळिसावरून तिला मी साडेनवावर आणली.”

शेवटचे वाक्य त्याने पाठ केलेल्या श्लोकासारखे म्हटले.

“साडेनऊ. आणखी काही?”

“प्रोसेसिंग फी. विमा. ते मुद्दलातच घातले. तिला रोख भरावे लागू नये म्हणून.”

“आणखी?”

“दर बदलता होता. पुढे वाढला. पण हप्ता आम्ही वाढवला नाही.”

“मग काय वाढवलेत?”

नदीवरून ऊन वारा आला. ओसरीच्या टोकाला वाळत घातलेले धोतर हलले आणि थांबले.

“महिने,” श्रीरंग म्हणाला.

“हे सर्व धरून वर्षाला किती पडते, ते कागदावर होते?”

“होते. एका चौकटीत. सगळे खर्च धरून जो वार्षिक दर निघतो, तो लिहावाच लागतो.”

“ती चौकट तिला वाचून दाखवलीस?”

श्रीरंगाने नकारार्थी मान हलवली.

“आणि महिने वाढल्याचे कळवलेत?”

“पत्रे गेली होती.”

“तिच्याकडे?”

“कागदांवर पत्ता माझा होता. तिला कटकट नको, म्हणून.”

शास्त्रीबुवांनी घंगाळ उपडे करून पाहिले. तांबे उजळले होते.

“तुझ्या ताईचा मला निरोप आला आहे,” ते म्हणाले. “परवा आमरसाचे जेवण. घर मोकळे झाले म्हणून.”

श्रीरंगाने डोळे मिटले.

ताईने दहा वर्षांपूर्वी मोजून एकशे वीस चिंचोके एका बरणीत घातले होते. हप्ता भरला की एक चिंचोका बाहेर. सणवार, सुतक, नवऱ्याचे बारावे… एकही महिना चुकला नव्हता. या महिन्यात बरणी रिकामी झाली. ताईने ती धुतली, उन्हात वाळवली आणि तीत कैरीचे लोणचे घातले.

“अजून एकतीस आहेत,” श्रीरंग म्हणाला.

“हे कोणाला ठाऊक आहे?”

“मला. आता आपल्याला.”

“मग परवाचे जेवण होऊ दे. तेरवा सांग.”

शास्त्रीबुवांनी हे सहज म्हटले, आणि श्रीरंगाला कळले की आपण वर्षभर मनात घोळवलेले वाक्यच ते बोलत आहेत. पण आता तेवढीही सवड उरली नव्हती.

“गिरणी विकते आहे ती,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “परवाच, चांगला दिवस म्हणून, इसार घेणार आहे. म्हणते, हप्ता नाही तर दळण कशाला? खांदा उचलवत नाही तिला. एकदा गिरणी गेली की पुढचा हप्ता कशातून भरील? आणि तीन हप्ते थकले की घरावर नोटीस… ती माझ्याच टेबलावरून निघते.”

“एकतीस हप्ते तूच का भरीत नाहीस?”

“माझी स्वतःची तीन कार्डे आहेत, गुरुजी.”

शास्त्रीबुवा हसले नाहीत. हसले असते तर त्याला बरे वाटले असते.

“आपण सांगा तिला,” श्रीरंग म्हणाला. “आपला शब्द ती मानते. मी सांगायला गेलो होतो. दोनदा. दाराशी पोचलो, तर आत ती गात होती. गिरणीच्या घरघरीत तिचा गळा मी कधी ऐकलाच नव्हता. चांगला आहे… मी तसाच परतलो.”

शास्त्रीबुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन दमांत. घंगाळ त्यांनी उन्हात ओढले आणि विहिरीच्या पाण्याने भरले. मग आत जाऊन दोन पात्रे घेऊन आले. दोन्ही वाटीएवढी, पातळ तांब्याची, आणि दोहोंच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढे एकेक भोक. असे पात्र पाण्यावर सोडले की तळातून थेंब थेंब पाणी आत शिरते, आणि ते बुडते तेव्हा एक घटका झालेली असते. चोवीस मिनिटे.

एक पात्र शास्त्रीबुवांच्या आजोबांचे होते.

दुसरे पाहून श्रीरंगाचा चेहरा त्या दुःखातही उजळला.

“हे माझे. शेवटच्या वर्षी मी घडवलेले. आपण अजून जपून ठेवले आहे?”

“माळ्यावर होते.”

“कसोटी आपण स्वतः घेतली होती. पहाटे. आम्ही नदीवर होतो.”

“हो.”

“परत आलो तेव्हा आपण म्हणालात, ‘उत्तम.’ माझ्या पात्राला तसे म्हणालात. इतर कोणाच्या नाही.”

शास्त्रीबुवांनी दोन्ही पात्रे त्याच्यापुढे धरली. “आधी कोणते बुडेल?”

श्रीरंगाने ती आलटून पालटून पाहिली. बुडे डोळ्यांजवळ नेली. व्यवसायाचा माणूस जसा पाहतो तशी, नेमकी आणि झटपट.

“आपले. माझ्या पात्राचे भोक केसभर बारीकच आहे. माझे मागून बुडेल.”

शास्त्रीबुवांनी दोन्ही पात्रे एकदम पाण्यावर सोडली.

मग दोघेही बसून राहिले.

…

पहिल्या अर्ध्या घटकेत श्रीरंगाचेच म्हणणे खरे ठरत होते. त्याचे पात्र उंच तरंगत होते. आजोबांचे पात्र बोटाच्या पेराएवढे खाली गेले होते. त्याने तसे म्हटले नाही, पण गुरुजींकडे एकदा पाहिले.

मग त्याचे पात्र अर्धे भरले.

आणि कोणी वरून दाबावे तसे ते खाली जाऊ लागले. आवाज झाला नाही. पाणी हललेही नाही. श्रीरंग पुढे वाकला, तोवर काठ पाण्याला टेकला होता. पात्र एका अंगावर कलले, आणि घंगाळाच्या तळाशी जाऊन बसले.

आजोबांचे पात्र संथ तरंगत होते.

“हे कसे?” श्रीरंग म्हणाला. “बुडाचे भोक तर…”

शास्त्रीबुवांनी कोपरापर्यंत हात घालून ते पात्र वर काढले, निथळू दिले, आणि सूर्याकडे उपडे धरून त्याच्या सावलीत आपला दुसरा तळहात पसरला.

तळहातावर प्रकाशाचा एक ठिपका पडला. बुडाचा.

मग त्यांनी पात्र हळूच तिरके केले. काठ आणि बूड यांच्या मधून आणखी दोन ठिपके उतरले. मोहरीहून लहान. ठोकताना त्या जागी पत्रा विरला होता. पात्र रिकामे असताना ती भोके पाण्याच्या वर राहत. त्यांतून काहीच शिरत नसे. पात्र अर्धे बुडाले, की ती जागी होत.

श्रीरंग त्या तीन ठिपक्यांकडे पाहत राहिला.

“आपल्याला हे ठाऊक होते?”

“कसोटीच्या पहाटेपासून.”

“मग ‘उत्तम’ का म्हणालात?”

शास्त्रीबुवांनी तळहात मिटला. प्रकाश त्यांच्या बोटांवर चढला.

“तुम्ही नदीवरून येत होता,” ते म्हणाले. “तू सर्वांच्या पुढे होतास. ओल्या पंचानिशी पळत आलास आणि दारातच हसलास… इतका आनंद मी या मठीत पाहिला नव्हता.”

श्रीरंगाने पात्राच्या काठावर बोट टेकवले.

“मी ठरवले, उद्या सांगेन.” शास्त्रीबुवांचा आवाज कोरडा होता. “दुसऱ्या दिवशी तुझा निरोपसमारंभ होता. म्हटले, तो होऊ दे. मग तू शहरात गेलास. पत्रात लिहिणार होतो… एका लग्नालाही हे पात्र मी काढले नाही, श्रीरंगा. कोणाची घटका चुकू दिली नाही. एवढ्यावर वीस वर्षे माझे समाधान होते.”

आजोबांचे पात्र बुडाले. बारीक, गोल असा एक नाद पाण्यातून वर आला आणि विरला.

पूर्वी हा नाद ऐकला की विद्यार्थी पाठ थांबवीत. आज कोणी काही थांबवले नाही.

नदीपलीकडे, बाभळींच्या मागे, ताईच्या घराचे कौलार दिसत होते. पडवीतून पीठ उडत असे तेव्हा तिथली हवा दुरूनही पांढुरकी दिसे. आज ती स्वच्छ होती.

“ती मला काय म्हणेल?” श्रीरंगाने विचारले.

“ते मी कसे सांगू?”

“ती काहीच म्हणाली नाही तर?”

“मीही त्यालाच भीत होतो,” शास्त्रीबुवा म्हणाले.

श्रीरंगाने उपरण्याच्या टोकाने डोळे टिपले. मग, लहानपणी गणित अडले की विचारी तसे, खाली मान घालून विचारले, “मी आता काय करू, गुरुजी?”

शास्त्रीबुवांनी श्रीरंगाचे पात्र घंगाळात बुडवले, काठोकाठ भरले आणि त्याच्या ओंजळीत ठेवले.

“हे असेच भरलेले ताईकडे ने.”

बुडातून धार लागली होती. काठाखालून दोन बारीक धारा त्याच्या मनगटांवरून कोपराकडे उतरत होत्या.

“नदीच्या उतारातून जायचे आहे,” श्रीरंग म्हणाला. “अर्ध्या वाटेतच रिकामे होईल.”

शास्त्रीबुवा खाली बसले. आजोबांचे पात्र पाण्यातून काढून त्यांनी पंचाने पुसायला घेतले.

“भोके किती आणि कोठे, हे आता तुला ठाऊक आहे. त्यांवर बोटे ठेव, आणि तिच्यापुढे गेल्यावर एकेक उचल.”